व्रतस्थ कोंबड्या

निंबगाव, ता. मिरज
२४ मे २०२५

प्रिय जरिना,

जय जिनेंद्र. पहिलं पत्र माझंच असणार हे ठरलेलं होतं, कारण तू आळस करणार हे मला माहीत आहे. फोन नको. फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तुझी सून स्पीकरवर ऐकते. शिवाय साक्षरता वर्गात तुझ्या चाळिसाव्या वर्षी मी तुझ्याकडून अक्षरं गिरवून घेतली, ती पाचगणीच्या धुक्यात विरघळू देणार नाही. पंधरा दिवसांत एक तरी पत्र आलंच पाहिजे. चुका मी लाल पेनाने दुरुस्त करून इथेच ठेवीन.

तर, हजेरी. सातही कोंबड्या हजर. तुझ्या वाजिदने टेम्पोत सामान भरून तुला नेलं, त्या संध्याकाळी त्या कुंपणाशी उभ्या राहून तुझ्या कुलूप लावलेल्या दाराकडे बघत होत्या. मी ज्वारी टाकली, तिला शिवल्याही नाहीत. दुसऱ्या दिवशी पोटाने शहाणपण शिकवलं. तुझं खुराडं माझ्या मागच्या अंगणात ठेवलंय, वर जुना पत्रा टाकलाय.

बाकी घरचं हवामान गरम आहे. आमचे दीर गावच्या जैन मंदिराचे, म्हणजे बस्तीचे, ट्रस्टी झाल्यापासून त्यांचा आवाज भिंतीच्या अलीकडेही येतो, तो परवा अंगणातच आला. रामगोंडा भाऊजी म्हणाले, "वहिनी, जैनाच्या घरात कोंबड्या पाळत्यात व्हय?"

मी म्हटलं, "पाळत नाही. सांभाळते. पाळणारी पाचगणीला गेलीय."

"आन् अंडी घातली तर?"

इथे मी अडकले असते. पण खरं सांगते, सहा दिवसांत एकीनेही अंडं घातलेलं नाही. मी तसं सांगितलं. भाऊजींनी वाकून खुराड्यात बघितलं, आणि "अंडी न्हाईत तवर ऱ्हाऊ देत," म्हणून गेले.

त्यांचं इतकं ऐकून घ्यायचं कारण तुला ठाऊक आहे. यंदा चातुर्मासाला मुनिमहाराज आपल्या गावात येणार आहेत, आणि कुणाच्या घरी चौका लागणार ती यादी भाऊजींच्या हातात आहे. हे गेल्यापासून अकरा वर्षं मी वाट बघतेय. सोवळ्यातलं वेगळं स्वयंपाकघर मांडायचं, पहाटे उठून महाराजांच्या आहाराचा स्वयंपाक करायचा, दारात उभं राहून त्यांना बोलवायचं, आणि एकदा तरी त्यांच्या ओंजळीत माझ्या हातचा घास पडायचा. एकटीने होत नाही. यंदा भाऊजींची सून दीपाली मदतीला तयार झाली आहे. नवी पितळी भांडी आणली. पांढरी साडी धुवून ठेवली. मला दुसरं काही मागायचं उरलेलं नाही.

तुझी
चंदनबाला

•

पाचगणी
१ जून

आदरणीय बाईंना जरिनाचा सलाम.

पत्र मिळालं. तीन वेळा वाचलं. मी बोलते तसं लिहिलं तर तुम्ही लाल करणार, म्हणून सांभाळून लिहीत आहे. त्यामुळे एक पान लिहायला दुपार जाते.

शाळा मोठी आहे. वाजिद मेसमध्ये तीनशे मुलांचा स्वयंपाक बघतो. क्वार्टर दोन खोल्यांचं. सून फिरदोस चांगली आहे, मला काम करू देत नाही, आणि तेच मला सोसत नाही. खिडकीतून धुकं आत येतं. इथे मला भूक लागत नाही.

वाजिद म्हणाला होता, क्वार्टरमध्ये कोंबड्या चालत नाहीत, बाजारात देऊन टाकू. बाजारातून कोंबडी कुठे जाते ते सगळ्यांना माहीत आहे. मी कोंबडी खाते बाई, तुमच्यापासून काय लपवायचं? पण या सात माझ्या पदराखाली वाढल्या. त्यांच्यावर सुरी चाललेली मला बघवणार नाही, ऐकवणारही नाही. तुम्ही हो म्हणालात म्हणून त्या जिवंत आहेत. हे मी दिवसातून पाच वेळा म्हणते.

अंडी घालत नाहीत ते वाचलं. कोंबड्यांचं कोंबड्यांना माहीत. त्यांना रोज एकाच वेळी दाणा टाका.

तुमची
जरिना

•

निंबगाव
८ जून

प्रिय जरिना,

'सोसत नाही' बरोबर लिहिलंस. शाबास.

आता बातमी ऐक आणि बसून ऐक. तुझ्या कोंबड्या प्रसिद्ध झाल्या आहेत. एकवीस दिवस झाले, सात कोंबड्या, अंडी शून्य. खाणंपिणं व्यवस्थित, पिसं चकचकीत, दिवसभर अंगण उकरतात, म्हणजे आजारी नाहीत. आधी मला वाटलं खुडूक झाल्या असतील, पण खुडूक कोंबडी उबवायला जागा धरून बसते, या तर एका जागी ठरत नाहीत. दीपालीच पहिल्यांदा म्हणाली, "काकी, आपल्या घरात आल्यापास्नं त्यांनी अंडी सोडली बघा." झालं. दुपारपर्यंत गल्ली, संध्याकाळी गाव.

भाऊजींनी तर बस्तीत पूजेनंतर सगळ्यांसमोर सांगितलं, "आमच्या वहिनींच्या अंगणात आचारच असा हाय, की कोंबड्यांनीबी व्रत घेतलं." ज्यांनी मला पाळता की सांभाळता म्हणून झापलं, तेच आता पाहुणे घेऊन येतात. बायका येतात, तांदूळ टाकतात, कोंबड्यांकडे बघून हात जोडतात. परवा काळी कोंबडी एकीच्या पायावर शिटली, तर तीसुद्धा काही बोलली नाही.

मी तेहेतीस वर्षं गणित शिकवलं. पुराव्याशिवाय मी काही मानत नाही. पण एकशेचाळीसच्या वर अंडी यायला हवी होती आणि एकही आलं नाही, याला पुरावा म्हणायचं नाही तर काय? थोडा अभिमान वाटला, लपवत नाही. चौक्याच्या यादीत माझं नाव दुसरं आहे.

तू इतकी वर्षं त्यांना सांभाळलंस. तुझं मत काय?

तुझी
चंदनबाला

•

पाचगणी
१५ जून

बाईंना सलाम.

तुमच्या घरात गुण आहे यात शंका नाही. मीच त्याचा पुरावा आहे.

कोंबड्यांबद्दल मी या पत्रात जास्त लिहीत नाही. खोटं लिहायचं नाही हे तुम्हीच शिकवलंय, म्हणून कमी लिहिते. काळीला तांदूळ फार देऊ नका. यादीत नाव आलं, खूप आनंद झाला.

पाऊस लागून आहे. कपडे वाळत नाहीत.

जरिना

•

निंबगाव
२७ जून

जरिना,

परवा सकाळी सव्वानऊला तांबडीने अंडं घातलं.

नुसतं घातलं असतं तर मी काहीतरी केलं असतं. पण घातल्यावर ती खुराड्यावर चढून पाच मिनिटं ओरडत होती, आणि त्याच वेळी भाऊजी सांगलीच्या चार ट्रस्टींना घेऊन व्रतस्थ कोंबड्या दाखवायला अंगणात उभे होते. ते चौघे आधी तांबडीकडे बघायला लागले, मग अंड्याकडे, मग भाऊजींकडे. त्यातला एक हसला. मला वाटतं, बाकी सगळं भाऊजी विसरले असते, ते हसणं विसरणार नाहीत.

काल आणखी दोघींनी घातली. आज चौघींनी.

भाऊजींनी सांगून टाकलंय. कोंबड्या आठ दिवसांत घरातून गेल्या पाहिजेत, नाहीतर चौका नाही.

गेले दोन दिवस तुझं पंधरा तारखेचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचतेय. 'म्हणून कमी लिहिते.' तुला माहीत होतं का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

चंदनबाला

•

पाचगणी
१ जुलै

बाई,

हो.

एवढंच लिहा म्हणालात, पण मला पुढचंही लिहायचं आहे. कोंबडीची जागा बदलली, अंगण बदललं, दाणा टाकणारा हात बदलला, की ती आधी जीव सांभाळते. अंडं नंतर. कुणाला तीन आठवडे लागतात, कुणाला दीड महिना. कळपात एखादी नवी आणून सोडली तरी तेच, कोण थोरली आणि कोण धाकटी हे भांडून ठरेपर्यंत सगळ्यांची अंडी बंद. यात व्रत नाही बाई, बावचळलेपण आहे. आमच्या घरात हे लहान पोरींनाही माहीत असतं.

मी सांगितलं नाही कारण मला भीती वाटली. अंडी येणार हे आधी कळलं असतं तर तुमच्या दिरांनी त्या पहिल्याच दिवशी बाहेर काढल्या असत्या. मला वाटलं, महिनाभर गेला तर तुम्हाला त्यांचा लळा लागेल. ही पहिली चूक. दुसरी चूक अशी की तुमच्या गल्लीतल्या बायका माझ्या कोंबड्यांना हात जोडतात हे वाचून मला बरं वाटलं. त्याच बायका त्याच कोंबड्यांना आपल्या दारातून हाकलत होत्या. मी ते पान फिरदोसला वाचून दाखवलं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. आता मला स्वतःची लाज वाटते.

इथे येऊन मलाही सहा आठवडे झाले. काल मी मेसमध्ये जाऊन वाजिदच्या हातातून लाटणं काढून घेतलं. दीडशे चपात्या केल्या आणि मग पोटभर जेवले. हे उगीच लिहिलं. पण दुसऱ्या कुणाला लिहू?

मला माफ करा.

जरिना

•

निंबगाव
७ जुलै

प्रिय जरिना,

खोटं लिहिलं नाहीस, पण खरंही लिहिलं नाहीस. अर्धे गुण. आणि हसलात त्याचे आणखी दोन कापले असते, पण चार दिवसांनी मलाही हसू आलं. सात बावचळलेल्या कोंबड्या आणि त्यांच्यासमोर हात जोडून उभं गाव. त्यात पहिल्या रांगेत मी.

आता काय झालं ते ऐक. शनिवारी भाऊजी एका माणसाला घेऊन आले. त्याच्या हातात कोंबड्या नेण्याचं डालगं होतं आणि दारात मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी उलट्या टांगलेल्या कोंबड्या. मिरजेच्या बाजारातला तो. मी विचारलं, "या कुठे जाणार?"

तो बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "दुकानात, बाई. रविवार हाय उद्या."

मी भाऊजींना म्हटलं, "माझं घर शुद्ध व्हावं म्हणून माझ्या दारातून सात जीव कापायला पाठवायचे. भाऊजी, मी गणिताची बाई. हे गणित मला फळ्यावर सोडवून दाखवा."

ते म्हणाले, "आपुन कुटं कापतोय? त्यो नेणार, त्यो काय करंल ती त्येची करणी."

"पाण्यात मुंगी पडली तर तुम्ही बोटाने काढता. आणि इथे बोट दाखवून देताय."

मग त्यांचा आवाज चढला. गल्ली जमली. "वहिनी, तुमी न्हवता म्हणत, पाळत न्हाई, सांभाळतोय? मग ज्येच्या हाईत त्येला द्या की. तुमचं काय अडलंय?"

जरिना, इतके दिवस मी त्या एका शब्दाच्या आडोशाला उभी होते. सांभाळते म्हटलं की आचारही राहतो आणि कोंबड्याही राहतात, असा माझा हिशोबी शहाणपणा. त्या क्षणी मला त्याचा राग आला. मी म्हटलं, "पाळते. आजपासून पाळते. चंदनबाला पाटील कोंबड्या पाळते, असं बस्तीच्या फळ्यावर लिहा. अक्षर चांगलं काढा."

दीपाली दारामागे होती. तिने पदर तोंडात धरला, हसायला की रडायला ते कळलं नाही.

भाऊजी म्हणाले, मग महाराजांनाच विचारू. मी नाही म्हटलं. मला उत्तर ठाऊक आहे असं मला वाटतं. पण ते वेगळं निघालं तरी मी कोंबड्या देणार नाही. ऐकायचं नसेल तर विचारून त्यांचा अपमान कशाला करायचा?

बाजारवाला रिकामं डालगं घेऊन गेला. भाऊजींनी संध्याकाळी यादीतून माझं नाव खोडलं.

अंडी मी हातात घेत नाही, ते मला जमायचं नाही. दूध घालायला येणारा मानसिंग स्वतःच्या हाताने उचलून नेतो. त्याची सून बाळंतीण आहे.

भांडी मी कापडात गुंडाळून वर ठेवली. बाकी मी ठीक आहे.

तुझी
चंदनबाला

•

पाचगणी
१२ जुलै

बाई,

हे पत्र वाजिदच्या हातात देते आहे. उद्या सकाळी तो तुमच्याकडे पोचेल. त्याच्याजवळ सातही कोंबड्या द्या. तो बाजारात नेईल किंवा कुठेही नेईल, मी त्याला विचारणार नाही. कोंबड्या माझ्या आहेत आणि मी मन घट्ट करून परवानगी देते. तुमच्यावर काही पाप नाही, असलं तर माझ्यावर.

अकरा वर्षं. तुमचा पांढऱ्या साडीचा काठ मी सरळ करून दिला होता, तेव्हा तुम्ही लहान मुलीसारख्या आरशात बघत होता. तो चौका माझ्या सात कोंबड्यांपायी गेला तर मला या धुक्यात रात्री झोप लागणार नाही. दिरांना सांगा कोंबड्या गेल्या. ते नाव परत लावतील. ते वाईट माणूस नाहीत, फक्त त्यांचं हसं झालं.

तुम्ही हट्टी आहात. या वेळी माझं ऐका. मी कधी काही मागितलं नाही.

जरिना

•

निंबगाव
२० जुलै

प्रिय जरिना,

तुझं पत्र मी नापास केलं. परवानगी देणारी तू कोण? सात जुलैच्या पत्रात मी स्वच्छ लिहिलं होतं की कोंबड्या मी पाळते. तू ते वाचलंस आणि तरी 'कोंबड्या माझ्या आहेत' असं लिहितेस. वाचून समजून घेण्याचा धडा पुन्हा गिरवावा लागेल.

वाजिद आला. त्याला पोहे दिले, दोनदा चहा दिला. डालगं घेऊन अंगणात गेला, आणि काळी त्याला ओळखून पायाशी येऊन उभी राहिली. तो तिथेच उकिडवा बसला. मग म्हणाला, "बाई, माज्यानं न्हाई व्हायचं. तुमीच काय ते आईला सांगा." पोरगं चांगलं आहे, तुझ्यावर गेलंय. डालगं मी ठेवून घेतलं. पावसात उपयोगी पडेल.

आता गुरुवारचं सांगते. महाराज सकाळी आहारासाठी आमच्या गल्लीतून जाणार होते. भाऊजींनी निरोप पाठवला की महाराज जाईपर्यंत वहिनींनी दार लावून घ्यावं. दार माझं आहे. मी ते सताड उघडं टाकलं आणि रोजच्या निळ्या साडीत उंबऱ्यात उभी राहिले. कोंबड्या नेहमीप्रमाणे मोकळ्या होत्या. शेजारच्या चार दारांत पांढऱ्या साड्या, हातांत कलश, 'अत्र तिष्ठ, अत्र तिष्ठ' असे आवाज. दीपाली भाऊजींच्या दारात होती. माझ्याकडे बघण्याची तिची हिंमत होईना.

महाराज आले. नजर जमिनीवर, हातात मोरपिसांची पिच्छी. माझ्या दारासमोर तांबडी रस्ता ओलांडत होती, अगदी निवांत, मधेच थांबून चोच मारत. महाराज थांबले. ती पार होईपर्यंत थांबले, मग पुढे गेले. यातून मी काही सिद्ध करत नाही. ते मुंगीसाठीही थांबतात. ते माझ्यासाठी थांबले नव्हते. मी हात जोडले, त्यांनी ते पाहिलेही नसतील. चौथ्या घरी त्यांचा आहार झाला.

मी आत येऊन रडले. खूप रडले, जरिना. हे मुद्दाम लिहिते, कारण तू मनात म्हणशील की बाईंना काही वाटत नाही. वाटतं. यंदाचं गेलं ते गेलं. पुढच्या वेळी महाराज गावात येतील तेव्हा मी असेन की नाही, मला माहीत नाही. कोंबड्यांवर राग काढावा म्हणून मागच्या अंगणात गेले, तर त्या आपल्या उकरत होत्या. त्यांना काय सांगणार? मी दाणा टाकला.

संध्याकाळी भाऊजी आले. आवाज मऊ होता. म्हणाले, "वहिनी, माझंबी जरा चुकलंच. पर अजून तीन महिनं हाईत महाराज. आता तरी द्या त्या कोंबड्या, मी नाव घालतो परत."

मी त्यांना बसायला पाट दिला आणि म्हटलं, "भाऊजी, चौका जाईल म्हणून मला घाबरवत होता, तो गेला. एक सबंध दिवस मी त्याच्याशिवाय काढला आणि अजून जिवंत आहे. आता मला तुम्ही कशाने घाबरवणार ते सांगा."

त्यांनी तांब्या मागून घेतला. मग पाणी पिऊन गेले. नाव घालतील की नाही ते त्यांचं ते बघतील. घातलं तर सात कोंबड्यांसकट घालतील, नाहीतर नको.

तू माझ्याकडे कधी काही मागितलं नाहीस म्हणतेस, मीही मागितलं नाही. आता मागते. दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद असेल, तेव्हा चार दिवस माझ्याकडे राहायला ये, तुझ्या घरात नाही, माझ्या. आणि येताना एक कोंबडा घेऊन ये. नवा आला की पुन्हा महिनाभर सगळ्यांची अंडी बंद पडतील, पडू देत. त्यानंतरची अंडी मानसिंगला मिळणार नाहीत, ती उबवायची. पिल्लं झाली पाहिजेत. भाऊजींना मी आजच भिंतीवरून तसं कळवलंय.

कोंबडा पहाटे चारला आरवणारा बघ, मोठ्या आवाजाचा. भाऊजींची झोपायची खोली भिंतीला लागूनच आहे.

तुझी
चंदनबाला